शुगर न्हाई, पन हाय

श्रीरामपूरच्या अलीम बावर्चींना पन्नाशीपर्यंत दवाखाना ठाऊक नव्हता. लग्नातली बिर्याणी आणि गोड जर्दा भात करावा तर अलीमचाचांनीच, असं लोक म्हणत. गेल्या उन्हाळ्यात मोहल्ल्यात शिबिर भरलं, चाचांनी सहज म्हणून रक्त दिलं, आणि घोळ झाला.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आला सहा पूर्णांक एक.

"म्हंजी मला शुगर हाय का?" त्यांनी डॉक्टर पंकजाबाईंना विचारलं.

"नाही चाचा. पण त्या वाटेवर आहात. आत्ताच खाणं सांभाळलंत तर टळू शकेल."

"मग गोळी द्या."

"सध्या गोळी नको. खाणं बदला, रोज चाला."

गोळी नाही आणि तरी पथ्य, हे चाचांच्या डोक्यात शिरेना. घरी बायकोनं, जहिराबीनं विचारलं, तर म्हणाले, "शुगर न्हाई, पन हाय." हसावं की रडावं, तिला कळेना.

कुणी सांगितलं, साखर सोडा, गूळ चालतो. चाचांनी चहात गूळ टाकला. शेजारच्या फिलोमिनाबाईंनी कारल्याचा रस सुचवला. तोही तोंड वाकडं करून प्याले. तीन महिन्यांनी आकडा सहा पूर्णांक दोन.

"एवढं कडू पिऊन वाढली कशी?"

पंकजाबाईंनी दिवसभराचं खाणं विचारलं. सकाळी उरलेली बिर्याणी, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. "गूळही साखरच हो. आणि कामावर?"

"कामावर काय खातो मी? नुसतं चाखतो."

"किती वेळा?"

चाचा बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच थांबले.

मग भात वाटीभरच राहिला. ताटात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आली. संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर ते स्टेशनपर्यंत चालून येऊ लागले. जर्दा चाखायचं काम मुलीकडे, कैनातकडे गेलं. "अब्बा, गोड बरोबर हाय," ती सांगायची, तरी चाचांचा जीव चुलीवरच्या मोठ्या देगेपाशीच घुटमळायचा. एकदा तर त्यांनी तिची पाठ वळताच बोट चाटलं.

पुढच्या खेपेला आकडा पाच पूर्णांक आठ.

"म्हंजी गेली?"

"झालीच नव्हती, चाचा. काठावर आहात अजून, पण मागे सरकताय. सोडू नका."

चाचा रिपोर्ट घेऊन बाहेर बाकावर बसले. जहिराबीचा फोन आला.

"काय म्हणल्या डॉक्टर?"

"लई खूश हायत."

"म्हंजी बरे झाला तुमी?"

"आजारीच नव्हतो म्हनं." चाचांनी कपाळ चोळलं. "तू असं कर, मेथी निवडून ठेव. मी चालतच येतो."