मला बाहेर न्यायला आलेली मुलगी

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती यायची. आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली एका डच आजींकडं खोली घेऊन राहायची, पुण्याची मुलगी, सहा महिन्यांसाठी आम्स्टरडॅमच्या युनिव्हर्सिटीत एक्स्चेंजवर आलेली. तिला खरं तर जपानला जायचं होतं, तिकडं नंबर लागला नाही म्हणून इकडं आली. आम्स्टरडॅमला लागूनच असलेल्या आमच्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये जपानी लोक पुष्कळ, त्यांचं दुकानही आहे, पहिल्यांदा ती मला तिथंच घेऊन गेली. म्हणाली, "चला वहिनी, जपान नाही तर नाही, निदान त्यांच्या शेवया तरी बघून येऊ."

मी तिच्या मागं बाळाची गाडी ढकलत, जीव मुठीत धरून. तोवर मी एकटी बाहेर पडलेच नव्हते. आमचे हे सकाळी स्लोटरडाइकला ऑफिसला गेले की मी आणि माझी पोरगी खिडकीत. माझी बारावी अर्धीच राहिली, लग्न ठरलं, इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचते पण समोरचा बोलला की डोकं बंद होतं, आणि इथं तर इंग्रजी पण नाही, डच. ट्रामचं दार आपोआप मिटतं, पोरीची गाडी आत गेली आणि मी बाहेरच राहिले तर, सारखं तेच डोळ्यांसमोर यायचं.

तिनं मला शिकवलं. ट्राममध्ये चढताना मशीनला कार्ड लावायचं, उतरताना परत लावायचं. दार मिटायला लागलं तर बटण दाबायचं, ते उघडतं. सुपरमार्केटमध्ये रिकाम्या बाटल्या मशीनच्या तोंडात आडव्या घालायच्या, त्यांचे पैसे परत मिळतात. लहान पोरांसाठी टोपलीत फळं ठेवलेली असतात, ती खरंच फुकट असतात, ह्यांच्याबरोबर यायचे तेव्हा मी त्या टोपलीजवळून मान खाली घालून जायची. तिनंच एक केळं सोलून माझ्या पोरीच्या हातात दिलं आणि मला म्हणाली, "खाऊ द्या हो, पोलीस नाही येत."

मी हसले. इकडं आल्यावर मोठ्यानं हसले ती तेव्हाच.

मग मी तिला सगळं सांगायला लागले. बाकी कुणाला सांगणार. आईला फोनवर सांगितलं तर ती रडते. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, अगं सगळ्यांना जमतं. तिला सांगितलं की एकदा लिफ्ट मधेच थांबली तेव्हा मी पोरीला छातीशी धरून खाली बसले होते. ट्राममध्ये तिकीट बघणारा माणूस आला तर कार्ड लावलेलं असूनही मला रडू फुटलं, ते तर तिनं बघितलंच. ती माझा हात धरून बसली होती. तुला म्हणून सांगते, असं म्हणून सांगायची मी.

आणि एकदा भेंडीचं झालं. टर्किश दुकानात बाहेर खोक्यात सुटी भेंडी होती, इतक्या दिवसांनी बघितली, मी घ्यायला लागले. आमच्याकडं भेंडी घ्यायची म्हणजे टोक मोडून बघायचं, कट्कन मोडलं तर कोवळी, वाकलं तर जून. भाजीवाली काही म्हणत नाही, उलट तीच मोडून दाखवते. मी आपली एकेक मोडत चालले, जून निघाली की परत खोक्यात. दुकानदार आतून आला, माझ्या हातातली भेंडी काढून घेतली आणि मोडक्या टोकांकडं बोट दाखवून मोठ्यानं बोलायला लागला. लोक बघायला लागले. ती आली, त्याच्याशी इंग्रजीत बोलली, मोडलेल्या सगळ्या भेंड्या पिशवीत भरल्या आणि रस्त्यावर आल्यावर पोट धरून हसायला लागली.

"वहिनी, अख्खं खोकं बोडकं केलंत तुम्ही."

"ह्यांना सांगू नको हं," मी म्हणलं.

"मी कशाला सांगेन? वेड्या आहात का."

त्या जून भेंड्यांची भाजी काही शिजली नाही. मी ती कचऱ्यात खाली घालून वर बटाट्याची सालं टाकली.

नंतरच्या रविवारी हे चहा पिताना म्हणाले, "मी काय म्हणतो, तू आणि बाळ थोडे दिवस गावी जाऊन राहा. माझ्या आईची पण तीच इच्छा आहे."

माझ्या मामेबहिणीला पण दुबईहून थोडे दिवसच पाठवलं होतं. तिचा मुलगा आता शाळेत जातो आणि बापाला मोबाईलवर ओळखतो. मी म्हणलं, "मला नाही जायचं. मला जमतंय की आता. दुकानात जाते, ट्रामनं जाते."

"काय जमतंय?" ते ओरडले नाहीत, आवाज हळूच होता. "दुकानात जाऊन भेंड्या मोडतेस. ट्राममध्ये रडतेस. लिफ्टमध्ये खाली बसतेस."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कानात वारं भरल्यासारखं झालं. मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

ते कपाकडं बघत म्हणाले, "मीच तिला म्हणलं होतं, हिला जरा फिरव आणि काय जमतं काय नाही ते मला सांगत जा. मी ऑफिसात असतो, मला कसं कळणार?"

म्हणजे जपानी दुकान, केळं, बाटल्या, सगळं मला काय जमतं ते बघायलाच होतं. मी परीक्षेला बसले होते आणि मला वाटत होतं मैत्रीण मिळाली.

मंगळवारी ती आली. नेहमीसारखी दारातून वाकून म्हणाली, "वहिनी, निघायचं ना?"

मी म्हणलं, "आधी सांग, लिफ्टचं पण सांगितलंस?"

तिचा चेहरा उतरला. बुटाची लेस उगाच सोडून परत बांधली. "दादा विचारायचे. मला वाटलं काळजीनं विचारतात. मी गमतीगमतीत सांगायचे वहिनी, वाईट नाही बोलले कधी."

"मी सांगू नको म्हणलं होतं."

"खालची खोली दादांनीच मिळवून दिली मला. त्यांना नाही कसं म्हणणार?"

पोरगी गाडीत बसून तिच्याकडं हात करत होती, तिला वाटत होतं, ही आपल्याला फिरायला न्यायलाच आली. मी दार लावून घेतलं.

मग मी सासूबाईंना फोन लावला. आपण होऊन कधी लावत नाही मी, हेच लावून देतात. म्हणलं, आई, तुम्ही आम्हाला बोलवलंय का? त्या म्हणाल्या, "मी? मी कुठं बोलवलं? तोच म्हणाला, तुला तिकडं करमत नाही, रोज रडतीस, पाठवतो म्हणून. मला काय, घर तुझंच आहे. पण नवरा तिकडं नि तू इकडं, ते काय बरं दिसतं का गं?"

फोन ठेवला तरी मी तो हातात धरून बसले होते. ती मुलगी परकी होती, तिचं एक वेळ ठीक.

संध्याकाळी ह्यांना म्हणलं, "आईंशी बोलले मी. त्यांनी नाही बोलवलं."

त्यांनी बॅग खाली ठेवली, हात धुतले, हात धुवायला खूप वेळ लावला. बाहेर येऊन म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच म्हणत होतो."

"मी जाणार नाही," मी म्हणलं. आवाज इतका फाटला की मलाच भीती वाटली. "आणि मला बघायला कुणाला पाठवायचं नाही."

गावी पाठवायचा विषय परत निघाला नाही, पण मिटला असं पण कुणी म्हणलेलं नाही. ती मुलगी नंतर पुण्याला परत गेली, जाताना खालून बेल वाजवली होती, मी उघडलं नाही.

आता मी पोरीला घेऊन एकटी जाते. भीती गेलेली नाही, दर वेळी दार मिटायला लागलं की मी गाडीचं हँडल इतकं घट्ट धरते की बोटं दुखतात. मागच्या आठवड्यात चुकीच्या ट्राममध्ये बसले, भलत्याच ठिकाणी पोचले, पावसात उभी राहून एका बाईला मोबाईलवर पत्ता दाखवला, तिनं बोटानं दिशा दाखवली आणि आम्ही मायलेकी भिजून घरी आलो. पोरीचे मोजे रेडिएटरवर वाळत घातले. हे आले, मोज्यांकडं बघितलं आणि विचारलं, "काय, कुठं गेला होतात का आज?"

मी म्हणलं, "कुठं नाही. घरीच होतो."