आठ दिवस बेटावर

पंडित मपला दाजी. परभणीच्या पोस्टात क्लार्क, मनिऑर्डरीच्या खिडकीवर बसायचा. मूळचा झरीचा. लय सरळ माणूस, शर्टाचं वरचं बटन म्या कधी उघडं बघितलं न्हाई. पाण्याला असा भ्यायचा की गंगाखेडला आल्यावर घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली उतरायचा न्हाई. आन ह्या माणसानं शहात्तर साली ठरवलं की बायकोला घेऊन अंदमानला जायचं. जहाजात बसून! तिथं आठ दिवस राहायचं, तेबी टूरिस्ट लोकायचा पाय लागला न्हाई असल्या एखाद्या आयलंडवर. आयलंड हा शब्द त्याचाच.

मी भुजंग, त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. गंगाखेड डेपोला कंडक्टर. तोंड फटकळ हाय, मपलं मलाच मालूम हाय. भरलेल्या गाडीत गोड बोलणारा कंडक्टर असला तर मला दाखवा.

दाजीवर म्या लय हासलो. पण ते सगळं कशापायी चाललं होतं ते आधी सांगतो, न्हाईतर तुमीबी हासाल.

मपली बहीण सत्यशीला पहिलटकरीण म्हणून माहेरी आलती. आमचं गाव गंगेच्या, म्हंजे गोदावरीच्या, काठाला, गंगाखेडपासून दोन कोसांवर. कार्तिकात लेक झाली. बारशाच्या आतच गेली. दाजीला तार केली, ती त्याच्याच पोस्टात आली आन त्याच्याच हातात पडली. तो दुसऱ्या दिशी पोचला तवा सगळं उरकलं होतं. दाढी वाढलेली, हातात पिशवी, पिशवीत लेकरासाठी घेतलेलं टोपडं. मायनं ते टोपडं बघितलं न बघितल्यासारखं करून उतरंडीत टाकलं.

सव्वा महिन्यानं दाजी तिला परभणीला घेऊन गेला. तवापासून शिला बोलायची बंद झाली. चतकोर भाकरी, तीबी समोर धरली तर. शेजारणी यायच्या आन म्हणायच्या, "पोरी, मनाला लावून घेऊ नको, पुढच्या साली पोरगाच होईल बघ." ही भिंतीकडं तोंड करायची. डॉक्टर म्हणला तब्येतीत काही खोट न्हाई. खोट न्हाई, मंग हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत कशा जायल्यात?

माघात एक दिवस भर दुपारी ती रेल्वेच्या पटरीवर जाऊन बसली. पेडगावकडून गाडी यायचा टाइम. एका गँगमननं दंडाला धरून वढून काढली, घरी आणून सोडली. त्या दिशी ती दाजीशी बोलली. दोन महिन्यांतलं पहिलं बोलणं. दुसऱ्या दिशी दाजी मपली गाडी पकडून गंगाखेडला आला, कंडक्टरच्या सीटशेजारी उभा राहिला आन म्हणला, "भुजंगराव, ती म्हणते मला आयलंडवर न्या. आठ दिवस. माणसं नकोत म्हणते. नेलं तर जगेन, न्हाई तर न्हाई, असं बोलली."

"आयलंडवर? आपली शिला? तिनं समुद्र तरी बघितलाय का?"

"मी तरी कुठं बघितलाय?" दाजी म्हणला. त्याचा आवाज असा फाटला की पुढच्या शिटावरच्या बायांनी वळून बघितलं.

झालं. त्या दिशीपासून दाजी कामाला लागला. सरकारी नोकराला तवा नवीनच सवलत निघाली होती, चार वर्षांतून एकदा देशात कुठंबी जा, खर्च सरकार देतंय. लोकं काशी-रामेश्वर करायचे. आमचे दाजी नकाशा घेऊन बसले. मुंबईजवळचं घारापुरी खोडलं, तिथं लोक डबे घेऊन येतात म्हणं. मालवणचा किल्ला खोडला, शाळेच्या सहली येतात. गोवा तर बघायचाच न्हाई, हिप्पी उघडे पडलेले असतात. राहिलं अंदमान. तिथंबी मोठ्या गावात तुरुंग बघायला माणसं येतात, म्हणून तेबी खोडलं. त्याच्याबी पुढं, लहान होडीनं जायचं, असलं एक ठिकाण त्यानं पोस्टाच्या यादीत हुडकलं. नाव कुण्या गोऱ्या साहेबाचं होतं, मपल्या तोंडात काही बसलं न्हाई. पण तिथं पोस्ट होतं. जिथं पोस्ट तिथं दाजीचा सोयरा!

त्यानं तिथल्या पोस्टमास्तरला इंग्रजीत पत्र लिहिलं. बायको आजारी हाय, आठ दिवस कुणी विचारपूस करणार न्हाई अशी जागा मिळंल का? दीड महिन्यानं उत्तर आलं. पोस्टाच्या मागं एक खोली हाय, समुद्र वीस पावलांवर, इथं कुणी येत न्हाई, मलाच कधीमधी वाटतं कुणी यावं. या, येताना तांदूळ आणा. दाजीनं ते पत्र मला वाचून दाखवलं आन मंग खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मी म्हणलं, "दाजी, जहाजात चार दिवस पाणीच पाणी असतं. तुमाला तर घाटाची चौथी पायरी उतरायला येत न्हाई." तो म्हणला, "डोळे मिटून बसंन."

माय लय रडली. "मपल्या लेकीला काळ्या पाण्याला न्यायलाय का रे तो?" मीबी आगीत तेल वतलं. डेपोत मित्रायला सांगितलं, आमच्या दाजीनं खून केलाय, जन्मठेपेला चाललाय. सगळे खी खी हासले. आता आठवलं की जीभ हासडावी वाटती.

वैशाखात निघायचं ठरलं. पावसाळ्याच्या आधीचं जहाज. रजा मंजूर, मद्रासपर्यंतचं रेल्वेचं रिझर्वेशन हातात. निघायच्या दोन दिवस आधी मी मपली पत्र्याची ट्रंक घेऊन परभणीला गेलो. दाजी यादी वाचून सामान भरायलाय: तांदूळ, रॉकेलची बाटली, स्टोव्हची पिन, उलटीच्या गोळ्या, दोन छत्र्या. शिला दाराशी बसलेली. हाडाचा सापळा. तिनं त्या ट्रंकेकडं बघितलं, मंग मपल्याकडं.

"दादा," ती म्हणली, "एवढं सामान कामून? बेट तर गावाच्या खालीच हाय."

दाजीच्या हातातली यादी तशीच राहिली. "कोणतं बेट?"

"वेळूचं. दादानं तिला ठेवलं ते."

आमच्याकडं लहान लेकराला जाळत न्हाईत, मातीत ठेवतात. आमच्या गावचे लोक गंगेच्या काठाला वेळूच्या बेटात ठेवतात. वेळूचं जे दाट बन उगवतं त्याला आमी बेटच म्हणतो. गडीमाणसं जातात, ठेवून येतात, पुन्हा तिकडं कुणी जात न्हाई. नावाची खूणबी ठेवत न्हाईत. बाळंतिणीला उंबरा ओलांडू देत न्हाईत. मपल्यासंगं गेलेल्या सटवाजी काकानं दारात मायला सांगितलं होतं, "बेटात ठेवलं." तेवढं हिनं खाटेवरून ऐकलं होतं. आन दाजी झरीचा! झरीच्या काळ्या रानात वेळू कुठला? त्याला बेट म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातलं, चारी बाजूनं पाणी असलेलं. त्यानं तिचं बेट ऐकलं आन मला येऊन सांगितलं आयलंड. त्यानं तिचाच शब्द सांगितला असता तर मला तवाच कळलं असतं. कळलं असतं का? खरं सांगू, मी ऐकूनच घेतलं नसतं. मला हासायचं होतं.

"आन आठ दिवस कामून गं?" म्या विचारलं.

"ती आठ दिवस मपल्यापाशी राहिली. मी आठ दिवस तिच्यापाशी राहीन. मंग तुमी म्हणाल तिथं येते, म्हणाल ते खाते."

दाजी ट्रंकेवर बसला. मंग उठून एकेक वस्तू बाहेर काढायला लागला, तांदूळ, पिन, गोळ्या. मला म्हणला, "भुजंगराव, तुमची सकाळची गाडी कितीला?"

गावाकडं जाताना गाडीत मला दरदरून घाम फुटला. उन्हाचा न्हाई. मला जागा आठवत नव्हती! लेकराला ठेवलं त्या दिशी दुपारची मपली ड्यूटी होती. सटवाजी काका खड्डा खणायलाय आन मी म्हणायलोय, "काका, जल्दी करा, मपली गाडी जाईल." माती लोटली की मी सुटलो, मागं वळून बघितलं न्हाई. भाचीपेक्षा मला गाडी मोठी झालती. काका फाल्गुनात वारला. आता जागा सांगणारा मी एकटाच, आन मपल्या डोक्यात नुसता अंधार.

काठाला गेलो तर तिथं एक न्हाई, पाच बेटं. पौषात बुरडांनी अर्धे वेळू तोडून नेलेले, सगळी ओळखच गेलेली. खाली पाचोळ्याचा थर. शिला अनवाणी पुढं, दाजी छत्री धरून मागं. ती थांबली.

"दादा, कुठं?"

दाजी मपल्याकडं बघायला लागला. ह्या बाईनं सहा महिने ह्या एका जागेवर जीव टांगून ठेवलाय. मी न्हाई म्हणलो तर ती पुन्हा पटरीवर जाईल, हे आमच्या दोघायलाबी मालूम होतं. दुसऱ्या बेटाखाली सावली होती. म्या तिकडं बोट केलं. "इथं."

"डोकं कुणीकडं?"

"उगवतीकडं," म्या म्हणलो. तिकिटाला पंच मारताना हात थांबत न्हाई, तसं तोंडबी थांबलं न्हाई.

तिनं पाचोळा बाजूला केला, मातीवर दोन्ही हात ठेवले आन अशी रडली की गंगेच्या पल्याडच्या गुराख्यानं उभं राहून बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा रडली ती. दाजी तिथंच पाचोळ्यात बसला आन तोबी रडला. मी वेळूला धरून उभा राहिलो.

मंग रोज उजाडलं की जायची, दिवस मावळता घरी यायची. पहिल्या दिशी कुशीवर निजली, डोकं उगवतीला करून. दाजी जरा लांब बसायचा. तिला तहान लागली की किटली घेऊन गंगेत उतरायचा, गुडघ्याइतक्या पाण्यात, तोच दाजी. तिसऱ्या दिशी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. पाचव्या दिशी मातीशी बोलायला लागली. तुझं नाव अमुक ठेवणार होते, तुझ्या बापानं टोपडं आणलं होतं, असलं काहीबाही. आन एकदा हासली. दाजी धावत मपल्याकडं आला. "भुजंगराव, हासली!" मंग हळूच म्हणला, "जागा नक्की तीच ना?"

"दाजी, म्या मपल्या हातानं ठेवलंय," मी म्हणलो.

पण मला अन्न जाईना. सहाव्या दिशी ती दोघं जेवायला बसल्यावर मी खालच्या अंगाला गेलो, उरलेली बेटं एकेक करून बघत. चौथ्या बेटाच्या मागं, काठाच्या उतारावर, बाभळीच्या वाळलेल्या काट्यांचा ढीग दिसला. त्याच्यावर पाच गोटे. बघितल्याबरोबर आठवलं. मी पळालो तवा काका वरडला होता, "अरं, कुत्री उकरतील, दोन काट्या तरी आण." म्या आणल्या न्हाईत. म्हाताऱ्यानं एकट्यानं आणून टाकल्या होत्या.

मी ढिगापाशी बसलो. पोरी, तू इथं हायस. उतारावर, उन्हात, एकटी. आन तुझी माय तिकडं नुसत्या मातीपाशी बसून तुझ्याशी बोलायलीय. काय करू आता? तिला सांगू? सांगितलं तर ती म्हणेल, दादा, मंग हे सहा दिवस मी कुणापाशी बसले होते? आन पुढं कुणाचा भरवसा धरंल? न सांगू? मंग ही इथं कुणाची? उद्या कुणी गुराखी सांगंल, बाई, लेकरू तर त्या काट्यांखाली हाय. गावात सगळ्यायला असल्या ढिगाची ओळख असती.

तिकडून शिलाचा आवाज आला. दाजीला म्हणत होती, "तुमी घ्या की अजून एक भाकर." सहा महिन्यांनी ती दुसऱ्याला वाढत होती.

म्या काट्या उपसल्या. एकेक करून गंगेत टाकल्या. मंग गोटे टाकले, पाचही. मातीवरनं हात फिरवला, पाचोळा आणून पसरला. म्हणलं, माफ कर गं बाई, तुझ्या मायसाठी करायलोय. मंग तिथं काही ओळखू येईना. मलाबी ओळखू येईना.

वर आलो तर शिला ताटं घासत होती. तिचं लक्ष मपल्या हाताकडं गेलं, रक्त ओघळत होतं.

"दादा, हात कशानं फाटले?"

"वेळूनं," म्या म्हणलो.

ती उठली. जुन्या पदराची चिंधी फाडली, ताटं घासायला घेतलेली राख दाबली आन लेकराचा हात धरावा तसा मपला हात धरून बांधायला लागली. म्या बांधू दिली.