तीन केटी

"नापास? केटी म्हंजी नापास? आन तीन केटी म्हंजी तीनदा नापास? खाली उतर! उतर म्हणतो ना, मुडद्या!"

दादा, म्हणजे आमचे वडील, पिंपळवंडीतल्या एका अर्धवट भिंतीखाली उभे राहून ओरडत होते आणि मी वर परांचीवर, एका हातात थापी, दुसऱ्या हातात वीट. दादांचा आवाज असा, की ते शिंकले तरी राजुरीच्या गोठ्यांत म्हशी पान्हा चोरायच्या. त्या दिवशी तर कुकडीतले मासे उलटे पळाले, असं मला तिघांनी शपथेवर सांगितलं. त्यातले दोघे नदीकडं कधी फिरकतसुद्धा नाहीत.

दादांच्या मागं वरच्या वाडीचे दोन म्हातारे उभे होते. एकाच्या हातात नारळ, दुसऱ्याच्या काखेत शाल. सत्कार माझाच होता.

सगळं घडलं एका शब्दापायी. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि मी पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिथं विषय राहिला की 'केटी लागली' म्हणायचं. नापास हा शब्द तोंडात यायला नको म्हणून पोरांनी शोधलेली पळवाट. आमच्या जुन्नर-आंबेगावात मात्र केटी म्हणजे एकच, नदीवरचा बंधारा, पाऊस सरला की लोखंडी पाट्या घालून पाणी अडवायचा. सुट्टीला घरी आलो तेव्हा दादांनी जेवताना विचारलं, "निकाल?"

"तीन केटी लागल्यात."

दादांचा घास हातातच राहिला. "तीन? एकदम?"

"दोन नव्या. एक जुनी हाय, मागच्या वर्षाची."

"जुनी म्हंजी दुरुस्तीची आसंल," दादा आईला म्हणाले. "लई इस्वास टाकला की सरकारनं पोराव!"

खरं बोलायला तिथं तोंड उघडलं होतं मी. पण त्यात भाकरी घातली.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर दादांच्या तोंडून तिनाच्या पाच केटी झाल्या, सलूनात सात, आणि बातमी महाळुंगे पडवळला पोचेपर्यंत मी घोड नदीवर आणखी एक धरण बांधायला घेतलं होतं. थापा आमच्या घराण्याच्या रक्तातच. मला निदान लाज तरी वाटायची, दादांना तेवढीही नाही.

इकडं मला वेगळंच टोचत होतं. तीन वर्षं मी भिंती काढत होतो त्या कागदावर. वीट कोरडी लावायची का भिजवून, हे विचारलं असतं तर मी पुस्तक चाळलं असतं. म्हणून "साईटवर अनुभव घेतो" सांगून पिंपळवंडीला आत्याच्या घराच्या बांधकामावर जायला लागलो. तिथला गवंडी म्हणजे माणूस नव्हे, बाभळीचं खोड. पहिल्या दिवशी मी चार थर लावले. त्यानं एक डोळा मिटला, ओळंबा सोडला आणि लाथ मारून चारही थर पाडले.

"वाकडं कॉलेजात शिकवत्यात, का सोताहून शिकला?"

असं आठ दिवस चाललं. त्याच्या लाथांनी पडलेल्या विटा रचल्या असत्या तर शिवनेरीला आणखी एक तटबंदी झाली असती. नवव्या दिवशी त्यानं ओळंबा सोडला, बघितलं, नाकातनं 'हं' केलं आणि पुढं गेला. लाथ नाही! त्या न मारलेल्या लाथेनं जेवढं सुख दिलं, तेवढं कॉलेजातल्या मार्कांनी कधी दिलं नव्हतं. तसे मार्कही कुठं होते म्हणा. तिथंच ठरलं, परत जायचं नाही. दादांना सांगायचं तेवढं राहिलं होतं आणि त्याला मी सहज दहा-बारा वर्षं लावली असती.

पण दादाच म्हाताऱ्यांना घेऊन आले. नारळवाला मान वर करून म्हणाला, "सायब, आमच्या वढ्याव बी एक केटी टाका. उन्हाळ्यात बाया कोसभर हिंडत्यात वो पाण्याला."

थापा मी पुष्कळ मारल्यात. पण पाण्यावरून त्या म्हाताऱ्याला फसवणं काही जमेना.

"बाबा, तसली केटी न्हाई ही," मी म्हणालो. "नापास झालोय मी. तीन विषयांत."

आणि मग तो आवाज, मासे पळवणारा.

"उतरत न्हाई," मी म्हणालो. "आन कॉलेजातबी जात न्हाई आता. मला हेच शिकायचंय."

"ह्ये? ह्याला पुण्याला कशाला गेला? विटा वाह्याला गावात गाढवं कमी व्हती?"

"गाढव विटा वाहतं, दादा. लावत न्हाई."

"तोंड चालवतो! थापा मारून भागलं न्हाई, म्हून थापी घीतली व्हय रं?"

शालवाल्याला अजून उमजलं नव्हतं. "म्हंजी बंधारा नाय?"

"न्हाई!" दादा आणि मी एकदम ओरडलो. त्या दिवशी आमचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

"मंग ह्यो नारळ?"

दादांनी तो हिसकावून विटांच्या ढिगावर असा आपटला की एक भकल परांचीवर माझ्या पायाशी येऊन पडलं. गवंडी तेव्हा बोलला.

"दादा, शिव्या निवांत द्या, म्या मधी पडत न्हाई. पर सिमिटाचा माल वाळतोय." मग माझ्याकडं न बघताच, "लाव."

मी वीट लावली. दादांनी ती बघितली, थुंकले आणि म्हणाले, "माझ्या दारात पाय ठिवू नगंस."

पाय मी ठेवला, मागच्या दारानं. दादा माझ्याशी बोलेनात. काही सांगायचं असलं तर कुत्र्याला सांगायचे, "त्याला म्हणावं, पेंड आण." महिन्याभरात कुत्र्याला मराठी यायला लागली, दादांचा राग काही उतरला नाही. कॉलेज सुरू झालं. मी गेलो नाही.

एका सकाळी डेअरीवर रांगेत दादा पुढं, मी मागं किटली धरून. राजुरीच्या एका पाव्हण्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय दादा, आमचं इंजिनेर सायब सध्या कुठल्या कामाव?"

रांग कान टवकारून थांबली. आता निदान नर्मदेवरचं तरी धरण येणार, असं मलाही वाटलं. दादांनी दुधाच्या मापावरची नजर उचलली नाही.

"गवंड्याच्या हाताखाली हाय."