जांभळाचा फक्त एक चमचा

माझ्या सासऱ्यांना मी एकदा औषध देऊन आजारी पाडलं आहे. हेतू चांगला होता, हे आमच्या घोडपदेवच्या चाळीत सगळेच मान्य करतात. (न विचारताही करतात!)

त्याचं असं झालं. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मोतीबिंदू झाला. कॅरमबोर्डावरची राणी दिसेना, म्हणून चाळीतला हा जुना चॅम्पियन बाकावर बसून दुसऱ्यांचे शॉट नुसते ऐकत असे. ते बघून मला फार वाईट वाटायचं. डॉक्टर म्हणाले, शुगर खाली आली की लगेच ऑपरेशन करू. गोळ्या चालू होत्याच. पण माझ्यासारखी हुशार सून गोळ्यांवर थांबते होय? मी दादरहून जांभळाच्या बियांच्या पावडरीची बरणी आणली. दुकानदार म्हणाला, फळाचंच आहे, काही अपाय नाही. मला एवढंच ऐकायचं होतं.

बाबा मात्र "घेतला गो" म्हणत आणि ते कडू पाणी खिडकीतल्या तुळशीला पाजत. तुळस वाळली तेव्हा मी डोकं चालवलं. बाबा रोज सकाळी कुणाकडे तरी चहाला जात. घरं चार, आज कुठलं याचा नेम नाही. दुसऱ्याच्या घरी पुढ्यात आलेलं नाकारणं त्यांना जमायचं नाही. मी चारही घरी गुपचूप एकेक डबी दिली. बिनसाखरेचा चहा आणि आधी पावडर, फक्त एक चमचा, कुणाला बोलायचं नाही!

बाबा रोज चारही घरी चहा पितात, हे मला ठाऊक नव्हतं. आधीच्या चार-चार गोड चहांमुळे शुगर खाली येत नव्हती, तेही नंतरच कळलं.

चौथ्या दिवशी ते बाकावरच घामाघूम झाले, हात थरथरायला लागले. नशीब, त्या चार घरांपैकी एक शेजारच्या कांबळे वहिनींचं, आणि त्या नर्स आहेत. त्यांनी मशीनवर शुगर बघितली, साखरपाणी पाजलं आणि आम्ही बाबांना घेऊन डॉक्टरांकडे धावलो. मागून काळजीने बाकीच्या तिघीही आल्या.

"गोळ्यांशिवाय काय देता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. जांभळाची पावडर, एक चमचा," मी म्हणाले.

"मीपण एकच दिला," कांबळे वहिनी म्हणाल्या. मग बाकीच्या तिघींनीही एकेक चमचा कबूल केला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एवढं कडू पोटात गेल्यावर बाबांना नाश्ताही जात नव्हता, आणि गोळी मात्र वेळेवर!

"अहो, पण तुम्ही नको का नाही म्हणालात?" मी रडवेली होऊन बाबांना विचारलं.

"लोकांनी मायेन दिल्ल्याक नको कसा म्हणू गो?"

डॉक्टर म्हणाले, जांभळाने शुगर थोडी उतरूही शकते, म्हणूनच गोळ्यांबरोबर मनाने द्यायचं नसतं. पावडर बंद, गोळ्या चालू, चहा एक, चालणं रोज. महिन्याभरात शुगर ताब्यात आली आणि ऑपरेशन झालं.

नवी नजर घेऊन बाबा घरी आले. मला वाटलं, आधी कॅरम मागतील. त्यांनी फळीवरची ती बरणी उतरवली आणि तळाची बारीक अक्षरं खणखणीत वाचली. "मधुमेहाची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्यावे." मग माझ्याकडे बघत शांतपणे विचारलं,

"गो, आता तुझ्या डोळ्यांचा ऑपरेशन कधी करूया?"

मला अजून साधा चष्मासुद्धा लागलेला नाही.