कवितेतला हात टेंपीचा

दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहतात, त्या दिवशी आमच्या गावच्या शाळेतल्या मुली माझी कविता म्हणतात आणि मला पहिल्या रांगेत बसवतात. मरणाऱ्या सैनिकाचा हात नर्सच्या हातात आहे, असं तिसरं कडवं आलं की बायका रुमाल काढतात. मी खाली बघत बसते. लोक म्हणतात, एवढं नाव झालं तरी मिस अल्मायरा किती विनयी! विनय कसला डोंबलाचा? तो हात माझा नव्हताच. तो टेंपीचा होता, आणि तीस वर्षांत टेंपीबद्दल मी कुणाजवळ चकार शब्द काढलेला नाही.

टेंपी व्हर्जिनियातल्या एका तंबाखूच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मली. तिला दोन मुलगे होते. ती शेतात असताना मालकाने दोघांना एकाच सकाळी दक्षिणेकडच्या व्यापाऱ्याला विकलं. गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिणेत पेटलेली लढाई जवळ आली तसा मालक पळाला, आणि ही डोक्यावर लोखंडी पातेलं घेऊन चार दिवस चालत वॉशिंग्टनला आली. मी एकदा विचारलं, "पातेलं कशाला गं वाहून आणलंस?"

"मग काय बाई? स्वातंत्र्य मिळालं, पण ते शिजवायचं कशात?"

आमच्या लष्करी इस्पितळात तिला धुण्याचं काम मिळालं. दिवसभर रक्ताच्या चादरी उकळायच्या. साबणाच्या खाराने तिचे हात कोपरापर्यंत सोलवटलेले असत. सगळे तिला टेंपीमावशी म्हणत. मावशी म्हणायचं आणि आपल्या टेबलाशी बसू द्यायचं नाही, ही आमची रीत! वहीत माझ्या नावापुढे नर्स होतं, तिच्या नावापुढे धोबीण. पण चादरी गोळा करायला वॉर्डात आली की ती कुणाची उशी सारखी करी, कुणाला पाणी पाजी. पहिल्या दिवशी कापलेला पाय बघून मला भोवळ आली, तेव्हा मलाही तिनेच धरलं होतं.

मी तिथे कशी पोचले तेही सांगते. मॅसॅच्युसेट्समधल्या या खेड्यात मी मास्तरीण होते, आणि गावात कुणी गेलं की त्याच्यावर चार कडवी रचून देत असे. लढाई आली नसती तर जन्मभर तेवढंच करत बसले असते. नर्स व्हायला तीन अटी होत्या: वय तिशीच्या वर, कपडे काळे किंवा तपकिरी, आणि रूप साधं. तिसऱ्या अटीत मी पहिल्या नंबराने पास झाले.

अठराशे त्रेसष्टच्या मे महिन्यात मोठी लढाई झाली आणि बोटी भरभरून जखमी आले. त्यात व्हरमाँटचा लेवी हॅस्किन्स होता, एकोणीस वर्षांचा. पोटात गोळी. सकाळी डॉक्टर म्हणाले, "आजचा दिवस काढला तर खूप." दुपारी तो हाका मारत होता तेव्हा मी कपड्यांच्या खोलीत दार लोटून बसले होते. काय करत होते? त्याच्याच मरणावर कविता लिहीत होते. तो जिवंत होता आणि मी त्याला तिसऱ्या कडव्यात मारून मोकळी झाले होते. फक्त शेवटचं यमक जुळत नव्हतं. हाक मला ऐकू आली. म्हटलं, एवढी ओळ होऊ दे, मग जाते.

ओळ झाली. मी गेले तेव्हा टेंपी खाटेच्या कडेला बसली होती आणि त्याचा हात तिच्या हातात होता. तो गेला होता.

"बाई, त्यानं निरोप दिलाय," ती म्हणाली.

"नंतर सांग," मी म्हणाले, कारण डॉक्टर येत होते. नंतर मी विचारलंच नाही.

कवितेत मी तिच्या जागी स्वतःला बसवलं. फार काही करावं लागलं नाही, एक शब्द बदलला: त्याचा हात देवदूताच्या हातात होता, तो नर्सच्या हातात दिला. लेवीच्या नावासकट ती छापून आली, एका वर्तमानपत्रातून दहांत गेली, आणि महिन्याभरात मला बोस्टनहून सभेत बोलायला बोलावणं आलं. बाईमाणसाने व्यासपीठावर उभं राहणं हे आमच्याकडे तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

जुलैत लेवीची आई आली. लहानखुरी बाई, हातात मेपलच्या साखरेची ढेप. तिने माझा उजवा हात धरला आणि त्याचा मुका घेतला. मी तो मागे घेतला नाही. त्या हातांचा खरखरीतपणा मला अजून आठवतो.

"पोरी, एक विचारू?" ती म्हणाली. "लढाईला जाऊ नको म्हणून मी त्याच्याशी भांडले होते. निघाला त्या दिवशी मी गोठ्यातच बसून राहिले, बाहेर आले नाही. अंगणातून दोनदा हाक मारली त्यानं आणि गेला. शेवटी माझ्याबद्दल काही बोलला का गं?"

"देवाचं नाव घेतलं, झेंड्याचं घेतलं..." मी कवितेतलंच सांगायला लागले.

"ते वाचलं मी. माझ्यावर राग होता का त्याचा, तेवढं सांग."

"आई म्हणाला."

"अगं, ते सगळेच म्हणतात. आणखी काही?"

दारात टेंपी उभी होती, चादरींचा भारा कवटाळून. ती एक पाऊल पुढे आली. "बाई, त्या पोरानं मला..."

"टेंपी! काम टाकून इथे काय ऐकत उभी राहिलीस? जा बघू आधी!"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग म्हातारीच्या हातातल्या माझ्या हाताकडे पाहिलं, आणि ती गेली. म्हातारी दुपारच्या गाडीने परत गेली, आली होती तशीच.

संध्याकाळी मी साखरेची ढेप टेंपीकडे घेऊन गेले. लाज वाटत होती, आणि लाज साखरेने फिटेल असं मला वाटलं.

"नको," ती म्हणाली. "तुमच्या हाताला मिळालीय, तुम्हीच खा." काठीने चादर ढवळत राहिली. मग म्हणाली, "पोरगं म्हणालं, आईला सांगा, दोनदा हाक मारली ती माफी मागायला. गोठ्यात जायचा धीर झाला नाही. माझा राग नाही म्हणावं. लिहा तेवढं, बाई. माझ्या पोरांचा निरोप मला कुणी आणला नाही."

मी त्याच दिवशी लिहिलं. पण कसं लिहिलं? "लेवी मला असंही म्हणाला होता, त्या दिवशी तुम्हाला सांगायचं राहून गेलं." टेंपीचं नाव घातलं नाही. घातलं असतं तर कविता खोटी ठरली असती, आणि बोस्टनला माझं पुस्तक छापायला गेलं होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. "तुझं पत्र तुझ्या कवितेइतकंच सुंदर आहे. पण दोन हाकांचं तुला मीच सांगितलं होतं. तो खरंच तसं बोलला असता, तर मी पुन्हापुन्हा विचारत होते तेव्हाच तुला आठवलं असतं. माझ्यासाठी तू हे रचलंस, तुझं मन मोठं आहे. पण यापुढे असं काही रचू नकोस. फार त्रास होतो."

हात टेंपीचा होता, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर त्या बाईला मुलगा परत मिळाला असता. दौत समोर होती. मी लिहिलं नाही. उद्या लिहू, पुस्तक निघाल्यावर लिहू, करता करता हिवाळ्यात ती म्हातारीच वारली.

पत्र आलं त्या दिवशी टेंपी हात पुसत धावत आली होती. तिला वाचता येत नव्हतं.

"व्हरमाँटचं ना? पोचला निरोप?"

मी पत्राची घडी घातली. "पोचला. फार बरं वाटलं त्यांना."

टेंपी पायरीवर बसली आणि तिने तोंडाला एप्रन लावला. "चला," ती म्हणाली, "एका तरी आईला कळलं."

पासष्टच्या उन्हाळ्यात, लढाई संपल्यावर, ती पोरांना शोधायला पायी दक्षिणेकडे गेली. सापडले का, मला माहीत नाही. पण तोवरची दोन वर्षं धुण्याच्या आवारात नवी बाई आली की ती माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "त्या आमच्या बाई. काही निरोप असला तर त्यांच्याकडे द्या. त्या पोचवतात."