हुंगून बोलणारे मामा

यवतच्या पशुखाद्याच्या दुकानातले मामा पेंडीची मूठ आधी हुंगतात, मगच बोलतात. खाजवून खाजवून आमच्या टिप्या कुत्र्याची कातडी सोलली, तेव्हा मी त्याला त्यांच्याकडं नेलं.

"खायला काय घालता?"

"दूध-चपाती."

"बंद करा ती. नुसता भात आन् उकडलेली मासळी घालून बघा."

मला हायसं वाटलं. मामांनी सवयीनं वाकून टिप्याची पाठ हुंगली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जळकं ऑइल लावलंय?"

गाडीतलं जळकं ऑइल आमच्याकडं खरजेवर सगळेच लावतात. मीही सकाळीच लावलं होतं.

"पोटात गेलं तर इष हाय त्ये. चाटलं का त्यानं?"

मला सांगता येईना. मामांनी टिप्याचा जबडा उघडून हुंगला, दुकान तसंच उघडं टाकलं आणि डॉक्टरकडं न्यायला गाडी काढली.

वाटभर ते एक शब्द बोलले नाहीत.