काकी आणि गार हवेतला पाला

पनवेलजवळच्या नेऱ्याची आमची काकी आधी ‘नाय’ म्हणायची आणि मग विचारायची, “काय बोललास?” जमिनीच्या दलालांनी तिला ही सवय लावली, असं काका म्हणायचे. आम्हा पुतण्यांना मात्र वाटायचं, ही जन्मालाच कुणाला तरी नकार देऊन आली असणार.

भात कापला की त्याच खाचरात ती वाल पेरायची. मी एकदा पनवेलहून गेले तेव्हा म्हटलं, “काकी, पंप बसव की. उन्हाळ्यात भाजीपण निघेल.”

“नाय. भाताखालची वल वालाला पुरते. आनि पंपाला खायाला कोन घालील, तू?”

थंडीत बांधावरचं वाळकं गवत पेटवून ती मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावायची. गॅसवर करून बघू, असं माझ्या मोठ्या भावानं सुचवलं, तर त्याच्या वाट्याच्या शेंगा तिनं खरोखरच शेजाऱ्यांना वाटल्या.

तिच्या शेताला लागून मुंबईच्या एका साहेबांनी फार्महाऊस घेतलं आणि प्लास्टिकचं मोठं घर उभारून आत थंड देशातला सॅलडचा पाला लावला. त्याला गारवा देणारे पंखे दिवसभर घरघरायचे. पाला गार गाडीतून मुंबईच्या हॉटेलांत जायचा. ते पंखे जोरात फिरू लागले की वीज कमी पडून गावातले पंखे मंद व्हायचे. काका तेव्हा दम्यानं बेजार होते. काकी त्यांच्या उशाशी बसून पदरानं वारा घालायची आणि फार्महाऊसच्या भिंतीकडे बघत राहायची.

पुढे साहेबांना आणखी वीज हवी झाली. नवी लाईन आमच्या वालातून न्यायची ठरली. काकीला न विचारताच कंत्राटदाराच्या माणसांनी सकाळी खांबाचा खड्डा खणला. नुकते उगवलेले वाल मातीखाली गेले. काकी आली, पदर खोचला आणि सरळ खड्ड्यात उतरून बसली.

“आई, वर ये. लोक बघतायत,” तिचा मुलगा काकुळतीला आला.

“बगू दे. खांबा लावाचा हाय ना? लावा. मी धरते.”

सुनेनं भाकरी आणून दिली. काकीनं ती खड्ड्यातच खाल्ली. दुपारी साहेब स्वतः आले. हात जोडून म्हणाले, “मावशी, भरपाई देतो. हा पाला गारव्याशिवाय जगत नाही.”

“त्याला हितं उकडतंय, तर हितं आनलास कशाला?”

“लोकांना हवा असतो, मावशी.”

“मंग लोकांना सांग, थंड मुलखान जाऊन खावा. माज्या घरवाल्याला वारा नाय आनि तुज्या पाल्याला गार हवा? नाय!”

ऊन कलल्यावर माणसं अवजारं उचलून गेली. तेव्हा कुठे काकी वर आली. गुडघे धरले होते, पण कुणाचा हात घेतला नाही. लाईन शेवटी रस्त्याच्या कडेनं, लांबून गेली. साहेबांचा पाला वाढतच राहिला. काका पुढच्याच उन्हाळ्यात गेले. त्यानंतर काकी कमी बोलायची, पण पेरणी तिनं चुकवली नाही.

गेल्या वर्षी काकीही गेली. दिवसकार्य उरकलं आणि साहेबांचा माणूस जमिनीचं विचारायला आला. मुलगा घुटमळला. “बसा, बघू,” म्हणाला. त्याची बायको आत तांदूळ निवडत होती. चार माणसांत तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती सूप घेऊनच दारात आली.

“बगाचा काय त्यान?” ती म्हणाली. “वाल पेरलेन आमी.”